नोव्हायच्या लंच टेबलावरचा कॅनडा

जळण्याचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ग्रीन कार्डच्या रांगेत चौदा वर्षं उभं राहा, आपोआप ढीग लागतो!

माझी सई एकोणीस वर्षांची. एकविशीपर्यंत कार्ड आलं नाही, तर ती आमच्या अर्जातून बाहेर. त्यामुळे दुसऱ्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

*

सुरुवात माझ्या टीममधल्या मंदारनं केली. डबा उघडता उघडता म्हणाला, "कॅनडातल्या एका प्रांतानं मला नॉमिनेट केलंय. आपल्या कामाची माणसं हवीयेत त्यांना. आता कायमचं तिकडेच!"



"थंडी फार असते रे तिकडे," मी म्हणालो.

बाहेर, अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात, उणे अठरा होतं!

*

त्याला अनुभवाचं पत्र द्यायचं होतं मीच, टीम लीड ना! 'कामात उत्तम' लिहिलं, खोडलं. 'कामात बरा' लिहिलं.

मंदारनं वाचलं आणि म्हणाला, "दादा, हे वाचून माझी इथलीही नोकरी जाईल!"

*

मंडळाच्या संक्रांतीला देशपांडेकाका भेटले. रिटायर्ड डॉक्टर, फार पूर्वी आलेले.

"रांग? कसली रांग? आमचं कार्ड पोस्टानं आलं. आम्ही फिरायला गेलो होतो, शेजारणीनं ठेवून घेतलं!"

तिळगूळ हातात होता, पण काकांशी काही गोड बोलवेना.

*

मग आमच्याच लंच टेबलावरचा, नागपूरचा सुनील. तो उद्योजक म्हणून कॅनडाला निघाला. प्लॅन काय, तर पोळी-भाजी केंद्र! प्रांताच्या नियमाप्रमाणे आधी गाव बघून आला.

"मराठी घरं किती रे तिथे?"

"एक. अन् त्या काकू स्वतःच डबे करतात, बाप्पा!"

तरी पठ्ठ्याला इंटरव्ह्यूला बोलावलं. पोळी लाटता येत नाही हो त्याला!

*

ही सगळी जळजळ मी रोज जेवताना घरी ओकायचो. बायको, वैदेही, ऐकून घ्यायची. माझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेली. पुढे वर्क परमिट मिळाल्यावर डेकेअरमध्ये टीचर झाली. "जातंय कोण त्या बर्फात!" असं मी गरजलो की ती मुकाट्यानं वरण वाढायची.

आणि मग, काय सांगू यार, मीच गुपचूप कॅनडाची तयारी सुरू केली. इंग्लिशची परीक्षा कंपल्सरी. चौदा वर्षं अमेरिकेत मीटिंगा करून इंग्लिशची परीक्षा! ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दोन तासांवरचं, ओहायोतलं सेंटर घेतलं. शनिवारी सकाळी घरी सांगितलं, "गाडी सर्व्हिसिंगला नेतो."

"मलाही नाटकाची तालीम आहे," वैदेही म्हणाली. "माझी गाडी घेऊन जाते."

सेंटरवर पोचलो. रांगेत पुढे ओळखीचं जांभळं जॅकेट. ते वळलं. हातात पासपोर्ट!

"तू?"

"तू?"

"अगं, तालीम होती ना तुझी?"

"आणि तुझं सर्व्हिसिंग?" तिनं मला बाजूला घेतलं. "कॅनडात डेकेअरच्या टीचर हव्यायत. तुझे वयाचे पॉइंट्स कमी पडतात, मी बघितलंय. माझे पुरतात. आणि तिकडे अर्ज करतानाचं वय धरतात, सई माझ्या अर्जात अजून बसते."

तिनं पर्स उघडली, घडी घातलेला फॉर्म काढला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"बरं झालं इथेच भेटलास. डिपेंडंटच्या रकान्यात तुझी सही हवी होती."