ऐनाची डहाळी

भूतंखेतं, चकवा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. चिपळूणजवळ माझं गॅरेज आहे. गाडीत आवाज आला की शोधल्यावर कारण सापडतंच, एवढंच मला ठाऊक. पण हे...

मी आणि चुलतभाऊ दिनेश सुट्टीला आपापली जीप घेऊन कुंभार्लीच्या अंगाला जंगलात जायचो. लाकूडतोडीच्या जुन्या वाटा, नुसता चढ आणि दगड. वर मोबाईलला रेंज नाही. म्हणून आमचा एक नियम — फाटा आला की पुढच्याने उतरून, आपण गेलो त्या वाटेवर डहाळी टाकायची. मागच्याने टाकायची नाही. त्याच्या मागे कोण असतं?

गेल्या ऑक्टोबरात, सकाळी अकराच्या सुमारास, मी पुढे होतो. फाट्यावर उजवीकडे वळलो आणि उतरायचा कंटाळा केला. दिनेश काय, मागेच आहे...

अर्धा तास झाला तरी तो येईना. परत आलो तर डाव्या वाटेवर ऐनाची डहाळी, कोयत्याने तोडलेली. कोयता दिनेशच्याच गाडीत असायचा. पुढे वळणावर पावसाने वाट खचली होती. जीप खाली दरीत उलटी पडलेली. उतरून पोहोचेपर्यंत दिनेश संपला होता.

काकीने, त्याच्या आईने, विचारलं, "तू डहाळी टाकलेलीस ना रं?"

"हो काकी, उजवीकडे."

तेव्हापासून गाव म्हणतं, दिनेशच बेफिकीर. मी ऐकून घेतो. लाज वाटते स्वतःची.

शिमग्यानंतर एका दुपारी चालत वर गेलो. पानगळ झालेली, सगळे ऐन खराट्यासारखे उघडे. आणि डाव्या वाटेवर डहाळी — ऐनाचीच, हिरवीगार, देठ ओला! धुळीत माझ्याशिवाय कुणाचं पाऊल नाही. गुराख्याने टाकली म्हणाल, तर पानं आणली कुठून? दरीत भिरकावून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. तिथेच, तशीच.

त्या दिवशी फाट्यावर बसून रडलो. दिनेशच्या मागे कोणी नव्हतं, तरी त्याने डहाळी टाकली होती... मी शोधत येईन, चुकू नये म्हणून. आणि मी त्याच्यासाठी गाडीतून उतरलोसुद्धा नाही.

पानगळीत हिरवा ऐन कुठून येतो, मला अजून कळलेलं नाही. काकीला खरं सांगायचं ठरवून चारदा तिच्या पडवीत जाऊन आलो. ती चहा ठेवते, म्हणते, "तुजी काय चूक रं त्यात? तू तर डहाळी टाकलेलीस."

मी चहा पितो आणि परत येतो.