एकोणचाळीस बाया

दिग्रसच्या कॉलेजात प्रकल्प अहवाल लिहायची एक रीत आहे. ती म्हणजे, लिहायचा नाही. बसस्टँडसमोर रोशनच्या झेरॉक्स सेंटरवर जायचं आणि दोन प्लेट समोसे मागावेत तसं म्हणायचं, "एक समाजशास्त्र दे." रोशन मान वर न करता विचारतो, "गाव कोणतं टाकू?" मग जुन्या फाइलीतून लोहारा जातं, केळापूर येतं, स्पायरल लागतं. प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतक, विश्लेषण, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी. गृहीतक म्हणजे तपासायच्या आधी बांधलेला अंदाज. रोशनच्या दुकानात तो अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या ममता मनवरनं मात्र अहवाल खरंच लिहिला. तिला तो बुडवून चालणार नव्हता. मार्गदर्शकाची सही नसेल तर अहवाल जमा होत नाही, अन् जमा नाही तर वर्ष गेलं. वडलांचं शिलाईचं दुकान. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, "एक साल गेलं का मंग मशिनीवर बस."

गृहीतक तिचे मार्गदर्शक गुल्हाने सरांनी दिलं होतं: 'जागृतीच्या अभावामुळे जिनिंगमधील महिला कामगार तोंडाला मास्क लावत नाहीत.' ममता महिनाभर एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, फाटकाशी उभी राहिली. सुटीच्या भोंग्यानंतर बाया बाहेर येत, केसांवर कापूस, भुवयांवर कापूस. बेचाळीस बायांना तिनं गाठलं. पहिली तुळसाबाई, वीस हंगाम कापूस वेचून साफ केलेली.

"जागृती म्हंजे काय वं?"

"म्हंजे, धूळ छातीत जाते हे तुमाले माहीत हाये का?"

तुळसाबाई आधी खोकली, मग हसली. "मले नाही त कोनाले माहीत असन वं पोरी? मुकादमाले चारदा मास्क मागतला. म्हने, पदर हाये ना, थो बांध."

बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणींनी मास्क मागितला होता. मिळाला एकीलाही नव्हता. ममतानं तक्ते केले, प्रश्नावली जोडली आणि निष्कर्षात लिहिलं, गृहीतक चुकीचे ठरले.

गुल्हाने सर अहवाल शेवटाकडून उघडतात. शेवटचं पान वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"असं आहे बेटा, गृहीतक सिद्ध नाही झालं म्हणजे प्रकल्प फसला. काय झाला? फसला. एवढी मेहनत केली अन् सिद्धच नाही केलं?"

"सर, पण ते खरं नाही निघालं."

"निघायला पाहिजे ना मग! असं आहे बेटा, आकडे जरा हलव. अन् सूचनेत जनजागृती शिबिर टाक. शिबिराशिवाय सूचना शोभत नाही. उद्या आण, सही करतो."

ममताचे कान तापले. ती तडक रोशनकडे गेली; अहवाल त्याच्याच संगणकावर टाइप केला होता. वर्ष डोळ्यांपुढे होतं, शिलाई मशीनही होती.

"पाच मिनटाचं काम," रोशन म्हणाला. "एकोनचाळीसचे नऊ करतो. तू कायले तापून राह्यली?"

पडद्यावर ३९ मधला ३ निळा झाला. रोशनचं बोट बटणाशी गेलं.

"थांब! तीस बाया एका बोटानं उडवून राह्यला तू."

"म्या कुठं? सरानं सांगतलं ना."

"सर सांगते, तू दाबतं, अन् नाव माहं. सरक बाजूले."

तिनं खुर्ची घेतली. आकडा होता तसाच ठेवला. अहवालात 'संशोधनातील अडचणी' असा एक भाग असतो. तिथं सगळे जण 'वेळेची मर्यादा' एवढंच लिहून मोकळे होतात. ममतानं लिहिलं, '३९ हा आकडा गृहीतकाशी जुळत नसल्याने तो बदलावा, असे मार्गदर्शकांनी सुचविले. आकडा बदललेला नाही.'

"बापा!" रोशन म्हणाला. "अन् सरायनं वाचलं त?"

"वाचाच लागते."

दुसऱ्या दिवशी सर गठ्ठ्यानं सह्या करत होते. फक्त प्रमाणपत्राचं पान उघडायचं, सही, पुढचा. मागं वीसेक पोरांची रांग.

"केलं ना बेटा?"

"नाही सर." तिनं अडचणींचं पान काढून समोर धरलं.

सरांनी वाचलं. मानेपासून वर लाल होत गेले. "हे काढ. नाहीतर सही नाही."

"नका करू. पण काहून नाही केली, ते खाली लिहून द्या. तुमच्या अक्षरात."

सरांचा पेन कागदावर टेकला, थबकला. सही नाकारायचं कारण लिहायचं म्हणजे आकडा बदलायला सांगितल्याचंही लिहावं लागणार. शेवटी त्यांनी कागद फाटेल अशी सही ठोकली, शेजारी गुण टाकले: वीसपैकी आठ. पास व्हायला आठच लागतात. खाली शेरा, 'मांडणी विस्कळीत.'

वर्ष वाचलं होतं. ममतानं शेरा वाचला. हे खोटं लिहायला सरांचा पेन अडला नव्हता!

"नेक्स्ट," सर म्हणाले.

ममतानं बाजूची खुर्ची खरकन ओढली, सरांच्या पुढ्यात मांडली, अहवाल पहिल्या पानावर उघडला आणि बसली.

"कोणतं प्रकरण जागेवर नाही, ते दाखवा सर."