न्हाणीतला बाभळीचा चौरंग

न्हाणीतला जुना चौरंग आंब्याच्या लाकडाचा होता. ओलाव्यानं त्याचा पाय आतून कुजला आणि ऐन उन्हाळ्यात, अंगाला साबण लावलेला असताना, तो मला घेऊन आडवा झाला. कोपर सुजलं. सूज चढायच्या आत पुण्याच्या लेकीला शेजारून फोन गेला. आमच्या गावात पाणी पोचत नाही, पण बातमी पोचते.

"नाना, आता बास झालं. इकडं या. एकटं कशाला ऱ्हायचं? न्हाणीत पडून ऱ्हायला असता तर कुणाला कळलं बी नसतं."

"मी चौरंगामुळं पडलो, एकटा हाय म्हणून न्हाई. नवा करतो."

"करा. दिवाळीला येऊन बघते. न्हाई पटला तर सामान बांधायचं."

मीही हट्टाला पेटलो. वडवणीच्या बाजारात प्लॅस्टिकचे स्टूल होते, पण ओल्या फरशीवर त्यांचा काय भरवसा! सागवानाचं नाव काढलं की वखारवाला आधी चहा मागवतो, तेव्हाच समजायचं. अंगणातला कडुलिंब टिकला असता, पण त्याच्यावर कुऱ्हाड चालवायची हिंमत नव्हती. घरात माझ्याशिवाय जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

राहिली बांधावरची वाळलेली बाभूळ. पाण्याला तिच्यासारखं लाकूड नाही. फक्त ती न मुरवता वापरली की भुंगा लागतो आणि खाली पिठासारखा भुगा पडत राहतो. म्हणून आमच्याकडं बाभळीचे ओंडके आधी चार-सहा महिने विहिरीत बुडवून ठेवतात. वडील औताचं लाकूड असंच मुरवायचे. माझ्या विहिरीच्या तळाला मात्र त्या वर्षी नुसता खडक होता.

सगळीकडं तेच. उसाअभावी सहकारी साखर कारखान्याचा भोंगा बंद पडला होता. तिथल्या वजनकाट्यावर ज्यांच्याबरोबर मी नोकरी केली, ते एकेक करून पोरांकडं निघून गेले. पारावर बसायला गेलो तर मी आणि कुत्रं.

शेवटी न्हाणीच्या मागं, मोरीचं पाणी जातं तिथं खड्डा केला आणि ओंडके चिखलात पुरले. टँकरचं पाणी यायचं, त्यातलं अंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं सगळं त्यांच्यावर सोडलं. एरवी ते लिंबाला जायचं; त्याचा वाटा मारला, खरं सांगायचं तर. भिंत धरून दगडावर अंघोळ करताना मी आतून ओरडायचो, "घे, पी!" पूर्वी बायको बाहेरून ओरडायची, "पाणी काय पिऊन टाकता का?" आता दिवसभरात तोंडातून निघालेला शब्द बहुधा तो एवढाच असायचा.

पाऊस असातसाच गेला. गणपती उठल्यावर ओंडके काढले. काळेकुट्ट, वास असा की शेजारीण नाक दाबून आली. सावलीत वाळवले, कापले. लोखंडी खिळा गंजतो म्हणून लाकडी खुंट्या मारल्या. पाय जरा फाकवले, फळ्यांत पाणी निथळायला फटी ठेवल्या.

दिवाळीत लेक आली. चौरंग उलटा केला, पाय हलवून बघितले, बसली, मग चक्क वर उभी राहिली.

"लई पक्का झालाय, नाना," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "ऱ्हावा मग इथंच. मी आता न्हाई म्हणायची."

मी जिंकलो होतो. तिची पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. ती पुन्हा आग्रह करील, मी एकदा नाही म्हणेन, दोनदा नाही म्हणेन आणि मग कुरकुरत तयार होईन, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. एसटी आली. ती शब्दाला जागली.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसलो. मुद्दाम इकडं झुकलो, तिकडं झुकलो. चौरंग तसूभरही हलला नाही, आणि मला रडू आवरेना.