चढावर गप्प होणारं चाक

मी शिकलो तो माझ्या मामांमुळे. ते बेंबळीच्या शाळेत मास्तर होते. आमच्या माकणीच्या घरात माझ्याआधी कुणाला सही करता येत नव्हती. वडील अंगठा उठवायचे, आणि मी बीए झालो. मधलं सगळं अंतर मामांनी मला सायकलवर बसवून पार करून दिलं. हे मी अलंकारिक लिहीत नाही, खरंच सायकलवर बसवून.

ती सायकल विलायती होती. निजामाचं राज्य गेलं तेव्हा बेंबळीचे गिरदावर, म्हणजे महसुली अंमलदार, आपलं सामान आवरून हैदराबादेला निघाले आणि जाताना ती मामांना देऊन गेले. तिचे गियर बाहेर दिसायचे नाहीत, ते मागच्या चाकाच्या हबच्या पोटात होते. हँडलवर एक छोटी दांडी होती. ती सरकवली की पहिला गियर चढाला, दुसरा सपाटीला, तिसरा उताराला. सपाटीवर हबमधून टिकटिक ऐकू यायची, चढ आला आणि मामांनी पहिला गियर टाकला की चाक एकदम गप्प व्हायचं.

ही टिकटिक मला पाठ आहे, कारण माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रवास मी त्या सायकलच्या कॅरिअरवर बसून केला. राज्य बदलल्यावर शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. उर्दूत वर आलेला मी मराठीत मागे पडलो, आणि उस्मानाबादची शाळा सोडून माकणीला पळून आलो. वडील म्हणाले, “ऱ्हा घरी, रानात माणूस लागतंच.” मग एक दिवस मामा आले. मी खळ्यावर होतो. सायकल उभी करून ते सरळ माझ्याकडं आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी मला थोबाडीत दिली. “बस मागं,” एवढंच म्हणाले. मी बसलो. तो थेट उस्मानाबादच्या शाळेत जाऊन उतरलो.

आमच्याकडं भाच्याला मारत नाहीत. भाचा मानाचा. मामा त्याला आपल्या पायासुद्धा पडू देत नाही. भाच्यावर हात उचलला तर म्हातारपणी तो हात थरथरतो, असं सगळेच सांगतात. माझी आई त्या दिवशी मामांना म्हणाली, “दादा, हे काय केलंस?” मामांनी फक्त सायकल वळवली. पण त्यानंतर त्यांनी मला कधी बोटही लावलं नाही.

बीएचा निकाल लागला तेव्हा मी सोलापूरला होतो. पेढ्यांचा पुडा घेऊन निघालो तो आधी घरी न जाता बेंबळीला. एसटीतून उतरून मामांच्या घरी पोचलो, तर अंगणात कडुलिंबाखाली सायकल उलटी करून ठेवलेली. मागचं चाक काढलेलं. हब उघडून पोत्यावर मांडलेला, आणि त्यावर दोन डोकी एकमेकांना टेकलेली. एक मामांचं, दुसरं त्यांच्या पुतण्याचं. हा पुतण्या माझ्याच वयाचा. मॅट्रिकला दोनदा बसून उठला होता आणि स्टँडजवळ सायकलचं दुकान चालवत होता.

“या भाचेबुवा, या!” मामा उठले. मी वाकलो तसे त्यांनी माझे खांदे धरून मला वर घेतलं. “न्हाय न्हाय. तुम्ही बसा. तिकडं बाजेवर बसा, हितं तेल सांडलंय.”

तुम्ही. कॉलेजात गेल्यापासून मामा मला अहो-जाहो करू लागले होते. मी बाजेवर बसलो. मामी पाणी आणायला आत गेल्या.

“काका, हे कुत्रं बसंना,” पुतण्या म्हणाला. हबच्या आत बारके लोखंडी तुकडे असतात, पायडल मारलं की ते दातांना चावून धरतात, त्यांना सायकलवाले कुत्री म्हणतात.

“बसंल कसं? उलटं धरलंयस की गाढवा. डोळे हायत का कवड्या?” मामांनी त्याच्या डोक्यात टपली मारली.

तो हसला. मला मात्र ती टपली लागली. मी विद्यापीठाचा निकाल खिशात घेऊन बाजेवर बसलो होतो, आणि ज्याला इंग्रजीचा पेपर कधी सुटला नाही तो मामांच्या गुडघ्याला गुडघा लावून शिव्या खात होता. त्याचं डोकं मामांच्या हाताखाली होतं. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

“मामा, मी काही धरू का?”

“छे छे! तुमचे कपडे खराब हुतील.”

“बीए साहेब,” पुतण्या म्हणाला, “पांढरी इजार काळी झाली तर काकू मला उपाशी ठेवतील. तुम्ही आपलं पेपर वाचा.”

मी पाहत बसलो. गाडीवाटेच्या चाकोरीत जाऊन मागची रिम वाकून तिचा पार आठाचा आकडा झाला होता. नवी रिम सोलापूरहून आणलेली. हब साफ करून, गियर बसवून मग त्यात नव्या तारा ओवायच्या, चाक विणायचं आणि शेवटी आऊट काढायचा, म्हणजे चाक डावी-उजवीकडं न डोलता सरळ फिरेल असं करायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. लहानपणी मी मामांना तारा हातात दिल्या होत्या. तेव्हा मी ‘तू’ होतो.

मग मला दिसलं की मामांचा उजवा हात थरथरतोय. कुत्र्यामागची स्प्रिंग केसाएवढी बारीक. मामा ती चिमट्यात धरत आणि ती जागेवर जायच्या आधीच डुलू लागे. दोनदा झाल्यावर त्यांनी चिमटा पुतण्याच्या हातात दिला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“शेजारीपाजारी काय म्हणत्यात ठाऊक हाय का?” पुतण्या चिमटा घेत मला म्हणाला. “म्हणत्यात, मास्तरानं भाच्याला बडवलं, म्हणून हात हालतोय.”

“तुज्या तोंडाला काय झाकण हाय का न्हाय?” मामा ओरडले. “काम कर.”

तेवढ्यात मामी तांब्या घेऊन आल्या. “आधी पाय धुवा, भाचेबुवा.” मी उठून पोत्याच्या कडेला उभा राहिलो, त्यांनी पायांवर पाणी ओतलं. त्याच क्षणी चिमट्यातून स्प्रिंग उडाली. टिण्ण आवाज झाला. मी पाहायला म्हणून पुढं पाऊल उचललं.

“हलू नगंस, गाढवा!” मामा माझ्यावर ओरडले. “हाय तितंच ऱ्हा! पाय टेकशील तर तंगडं मोडीन!”

मी एका पायावर थांबलो. पुतण्या गुडघ्यांवर रांगत माझ्यापाशी आला आणि माझ्या ओल्या टाचेला चिकटलेली स्प्रिंग त्यानं नखानं अलगद काढली.

मला किती आनंद झाला ते मी सांगू शकत नाही. गाढवा. तंगडं मोडीन. निकाल वाचताना छाती इतकी भरून आली नव्हती.

पण मामी म्हणाल्या, “अवं, भाच्याला गाढव म्हणलात?” आणि मामांचा चेहरा उतरला. त्यांनी जीभ चावली, तेलकट हात जोडले. “चुकलो भाचेबुवा. तोंडातून गेलं. तुम्ही बसा.”

मी पुन्हा बाजेवर गेलो.

संध्याकाळपर्यंत तारा ओवून झाल्या. एक तार दुसरीच्या वरून, तिसरी खालून, असं ते चाक भरत आलं. मामा बोटानं तारा छेडून ताण बघत आणि सांगत, “ही ढिली. एक आटा दे.” पुतण्या चावीनं तार तेवढी आवळी. मी तिथंच असून नव्हतो. मामा हात धुवायला विहिरीवर गेले, तेव्हा पुतण्यानं रिम डोलते तिथं खूण करायचा खडू बाजूला ठेवला आणि माझ्याकडं वळला.

“तोंड का पाडलंय? ही सायकल कुणासाठी चाललीय, ठाऊक हाय का?”

“कुणासाठी?”

“तुज्यासाठी, आनि कुणासाठी! भाचा मास्तर हुणार, पायी जाईल का? म्या म्हणलं, काका, मला द्या की, दुकानाला शोभंल. तर म्हणले, तू गप.” त्यानं चाक फिरवलं. “तुला सायकल, मला शिव्या. बदलतोस का?”

तो चेष्टेत बोलला. मी मनापासून म्हणालो, “बदलतो.”

“लई शिकून येडा झालास,” तो म्हणाला आणि पुन्हा खडू धरून बसला.

दुसऱ्या दिवशी मामींनी सायकलला हळदीकुंकू लावलं, आणि मामांनी मला टोपी-उपरणं देऊन ती माझ्या हाती दिली. गल्लीच्या टोकापर्यंत मामा आणि पुतण्या सोबत आले. मी वळून पाहिलं, तर मामा पुतण्याला काहीतरी रागावत परत चालले होते.

तामलवाडीच्या शाळेत नेमणूक झाल्यावर मी मामांना हे पत्र लिहिलं.

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. समोर असताना तुम्ही पाया पडू देत नाही, कागदावर अडवता येणार नाही.

मी खुशाल आहे. मुलं चांगली आहेत. रविवारी सायकलवर तुळजापूरला जाऊन आलो. घाटात पहिला गियर टाकला आणि चाक गप्प झालं. मला तुमच्यामागं बसून शाळेत गेलो तो दिवस आठवला. मामा, त्या दिवशी तुम्ही मला मारलं नसतं, तर मी आज माकणीच्या रानात असतो. तुमच्या हाताची थरथर त्यामुळं आलेली नाही. डॉक्टरला दाखवा, सोलापूरला मी घेऊन जातो. पण लोक म्हणतात तसं खरंच असेल, तर त्या हाताला धरायचा पहिला हक्क माझा आहे, तुमच्या पुतण्याचा नाही. हे त्याला वाचून दाखवा.

चाकाला थोडा आऊट आला आहे. इथं दुकान आहे, पण मी काढून घेतला नाही. दिवाळीच्या सुट्टीत चाक घेऊन येतो. जुनी इजार घालून येईन. बाज आत ठेवा, मला पोत्यावर बसायचं आहे. तारा मी आवळीन. चुकलो तर पुतण्याला म्हणता तेच मलाही म्हणा. आणि या पत्राचं उत्तर पाठवाल त्यात मला ‘तू’ म्हणा.

तुमचा गाढव भाचा.