न उघडलेली अँटेना

"उघडल्याशिवाय सांगत नाही," हे अश्वजित ताकसांडेचं ठरलेलं वाक्य. देवळीच्या बस स्टँडमागं त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, चाळीस वर्षांपासून. कोणी सेल्फ घेऊन येई, कोणी डायनॅमो, आणि पहिला प्रश्न असे, "मिस्त्री, काय झालं असंन?" अश्वजित पेचकस उचलायचा आणि ते वाक्य म्हणायचा. गिऱ्हाईक वैतागायचं, पण दुसरीकडे जायचं नाही.

त्याचे वडील चिंधू हे सदाशिवराव शेटजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहायचे. पोरगा वर्ध्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन आला, तेव्हा चिंधूनं त्याला शेटजींसमोर उभं केलं. सदाशिवरावांनी त्याला ऑफिसातला बंद पंखा दाखवला. अश्वजितनं तासाभरात तो फिरवला. तेव्हापासून जिनिंगमधलं विजेचं प्रत्येक काम त्याचं झालं. तो वयानं वीस वर्षांनी लहान असूनही सदाशिवराव त्याला कधी अरे-तुरे म्हणाले नाहीत. 'अश्वजितभाऊ' म्हणायचे. चिंधूला याचं एवढं कौतुक होतं, की घरी जेवताना तो शेटजींची नक्कल करून पोराला तशीच हाक मारायचा.

अठ्ठ्याऐंशी साली सदाशिवरावांनी पांढरी कॉन्टेसा घेतली. दोन वर्षांनी नागपूरहून मोटरवर चालणारी अँटेना आणली. ती बसवायची म्हणजे मडगार्डला भोक पाडावं लागणार होतं. अश्वजित ड्रिल हातात धरून उभा, आणि सदाशिवराव गाडीकडे पाठ करून.

"पाडा भाऊ. पन मले पाह्यला लावू नका."

"शेटजी, बोट चुकलं त?"

"त मंग तुमच्या दुकानासमोर उभी करून देईन गाडी. कोंबड्या पाळजा तिच्यात."

भोक नेमकं पडलं. रेडिओ लावला की मडगार्डमधून चकचकीत काडी टप्प्याटप्प्यानं वर यायची, बंद केला की आत जायची. आतली रचना साधी होती. एक छोटी मोटर, एक दातेरी चाक, आणि त्या चाकात अडकणारी नायलॉनची दातेरी दोरी. दोरीच काडीला वर ढकलायची आणि खाली ओढायची. जिनिंगमधल्या बाया काम सोडून पाहायला आल्या होत्या. एकीनं तर कितीदा तरी रेडिओ चालू-बंद करायला लावला होता.

तीन वर्षांपूर्वी सदाशिवरावांना लकवा मारला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून महिनाभरानं घरी आले, पण उजवं अंग आणि बोलणं परत आलं नाही. आंघोळ, जेवण, सगळं दुसऱ्याच्या हातानं. एकच गोष्ट स्वतःच्या हातानं होत होती. दुपारी त्यांना जिनिंगच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या कॉन्टेसात स्टिअरिंगमागं बसवलं, की डाव्या हातानं ते रेडिओचं बटण फिरवायचे. रेडिओ डाव्या हातालाच होता, हे नशीब. काडी वर चढताना ते काचेतून तिच्याकडे पाहत राहायचे. मग तासभर रेडिओ ऐकायचे. त्यांच्या पत्नी देवकाबाई बाजूला खुर्ची टाकून तूर निवडत बसायच्या. गाडी रस्त्यावर जात नव्हती, तरी दर महिन्याला तिची बॅटरी चार्ज करायला अश्वजित येत होता. रेडिओसाठीच.

यंदा जानेवारीत देवकाबाईंचा फोन आला. "अश्वजित, ती काडी वर येत नाई रे. रेडिओ नुसता खरखर करते. येऊन जाजो."

अश्वजित त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या, ओमप्रकाशच्या, ट्रॅक्टरवर बसूनच आला, कारण ओमप्रकाशला शेतात बंद पडलेला दुसरा ट्रॅक्टर दाखवायचा होता. सदाशिवराव आधीच गाडीत बसून होते. अश्वजितनं खिडकीतून हात घालून रेडिओ लावला. मडगार्डच्या आत कट-कट-कट असा आवाज झाला आणि थांबला.

बाहेरून ओमप्रकाश ओरडला, "का मिस्त्री, इथंच मुक्काम करून राह्यले का? माह्या ट्रॅक्टरचं बी नाव घ्या!"

"आलो, आलो." अश्वजितनं पुन्हा एकदा बटण फिरवलं. तोच आवाज. मग सरळ होत तो म्हणाला, "चाकाचे दात गेले, काकू. आता हा पार्ट कोठीच भेटत नाई."

सदाशिवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं किल्ली काढली आणि देवकाबाईंच्या हातात दिली.

मार्चमध्ये ते गेले. अश्वजित मोक्षधामात मागं उभा राहिला आणि परत येऊन दुकान उघडलं.

मे महिन्यात त्यांचा मुलगा भूपेंद्र पुण्याहून आला. कॉन्टेसा नागपूरच्या एका जुन्या गाड्या जमवणाऱ्याला विकली होती. "काका, रविवारी त्यांचा माणूस न्यायला येणार आहे. तेवढी लाइट-वायरिंग बघून द्या," तो म्हणाला. "आणि अँटेना जमली तर बघा, नाही तर राहू द्या."

वायरिंगचं काम सकाळीच आटोपलं. राहिली अँटेना. या वेळी बाहेर कोणी वाट पाहत नव्हतं. अश्वजितनं वरचा गोल नट सोडला, मडगार्डच्या आतल्या बाजूनं दोन बोल्ट काढले, आणि सगळा सांगाडा शेडमधल्या टेबलावर आणून ठेवला. दातेरी चाकाचं झाकण उघडलं आणि तो थांबला.

चाकाचे दात सगळे जागेवर होते. त्यानं बोट फिरवून मोजले, परत मोजले. दोरी शाबूत होती. मोटर बॅटरीला जोडली तर भिंगरीसारखी फिरली. अडचण होती ती काडीच्या नळीत. त्यानं चिमट्यानं ओढलं, तर काळपट, चिकट, बोटाएवढा बोळा बाहेर आला. रुई होती ती. जिनिंगमध्ये हवेत उडत राहणारी, ग्रीसमध्ये फसून नमद्यासारखी घट्ट झालेली. काडी अडकली की चाक दोरीवरून घसरतं आणि तसा कट-कट आवाज येतो. त्यानं दात तुटल्याचं समजून सांगून टाकलं होतं.

ग्रीस कुणाचं, हेही त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी काडी वर येताना कुरकुरायची. तिला कोरड्या फडक्यानं पुसून मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. त्या दिवशी तेलाची बाटली दुकानात राहिली होती, आणि जाऊन आणायचा कंटाळा केला होता. हाताला लागलेलं ग्रीस त्यानं काडीला पुसलं होतं. रुई उडते तिथं ग्रीस उघडं ठेवायचं नाही, हे चिंधूनं त्याला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं.

नळी रॉकेलनं धुऊन, पुसून, परत बसवायला त्याला पाऊण तास लागला.

प्रत्येक मिस्त्रीची एक रीत असते. काढलेला खराब भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याला कळतं की काम खरं झालं. इथं काही बदललंच नव्हतं. निघाला होता फक्त हा बोळा. तो फेकून दिला असता तर कोणालाही कधी कळलं नसतं. अश्वजितनं तो कागदावर ठेवला, उचलला, परत ठेवला. तेवढ्यात देवकाबाई चहा घेऊन आल्या.

"झालं का रे?"

त्यानं कागद पुढे केला. जिनिंगच्या घरात पन्नास वर्षं काढलेली बाई ती. तिनं बोळ्यातला एक धागा ओढून बोटांत ताणून पाहिला, जसा कापूस घेताना पाहतात.

"ही त आपलीच रुई. ग्रीस कोनं लावलं होतं?"

"मी, काकू."

"उडत्या रुईत? तू चिंधूचा पोरगा ना रे?"

"घाई केली."

"आन जानेवारीत?"

"तवाबी घाईच. उघडलं असतं त घंटाभराचं काम होतं. दात-बित काई गेले नव्हते. म्या न उघडता सांगितलं."

देवकाबाई टेबलाच्या काठाला टेकल्या. चहा कपात तसाच राहिला.

"तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी म्या त्याईले गाडीत बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याईनं बटनाकडं हात नेला आन मागं घेतला. तसेच बसून राह्यले. मंग म्या म्हटलं, उगाच काऊन त्रास द्या? तवापासून खाटेवरच होते."

"काकू, मले माफ करजा."

"मले काऊन मांगतं? मी कोन माफ करनारी?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन ज्याईनं करायचं त्याईले त बोलताबी येत नव्हतं."

भूपेंद्र फोनवर बोलतच शेडमध्ये आला. फोन छातीला लावून त्यानं विचारलं, "जमली का काका? लावा ना एकदा."

अश्वजितनं खिडकीतून हात घालून रेडिओ लावला. काडी एकेक टप्पा उलगडत वर गेली आणि उन्हात चमकली. रेडिओवर कोणी बाई खरिपाच्या बियाण्याबद्दल सांगत होती, अगदी स्वच्छ आवाजात.

"अरे वा! काय झालं होतं?"

देवकाबाईंनी बोळ्यावर मूठ मिटली. "काई नाई. जुनी गाडी हाय."

"नाई," अश्वजित म्हणाला. "माही चूक होती, भूपेंद्र. जानेवारीतच हे होऊन जात होतं. तुमच्या बाबांना शेवटचे दोन महिने रेडिओ भेटला असता. म्या पाह्यलंच नाई."

फोनमधून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. "असू द्या काका, एवढं काय. आता चालू झाली ना? गाडी घेणाऱ्यांना आवडेल," भूपेंद्र म्हणाला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला.

शेडमध्ये रेडिओ चालूच राहिला. अश्वजितनं हत्यारं गोळा करायला घेतली.

देवकाबाई गाडीशी गेल्या. दार उघडलं, पण आत बसल्या नाहीत. रिकाम्या सीटवरून वाकून त्यांनी बटण शोधलं. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता, त्यामुळे आधी आवाज वाढला, मग बंद झाला. काडी एकेक टप्पा आत जात मडगार्डशी सपाट झाली. अश्वजित कान देऊन ऐकत होता. आत कुठंच काही अडकत नव्हतं.