डेव्हनला जायचं तर उजवीकडूनच

उजव्या काकू नागपूरहून अमेरिकेत आल्यापासून कधी डावीकडे वळल्या नाहीत. स्वयंपाकघरात वळत असतील, गाडीत नाही. डावीकडे जायचं असलं की त्या चौक ओलांडून सरळ पुढे जायच्या, मग उजवीकडे वळायच्या, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि हव्या त्या रस्त्याला लागून माझ्याकडे अशा बघायच्या की जणू आत्ताच गड सर केला. 'उजव्या काकू' हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवू दे न बाप्पा. डाव्यापेक्षा बरं."

आम्ही राहायचो डेस प्लेन्सला, शिकागोच्या उपनगरात. काकूंचं घर आमच्या मागच्या गल्लीत. तिथून शहरातली डेव्हन ॲव्हेन्यू अर्ध्या तासावर. आज तुम्हाला हसू येईल, पण त्या काळी कढीपत्ता, अळू, मेथी आणि साडीला लावायचा फॉल हवा असेल तर डेव्हनला जाण्याशिवाय इलाज नव्हता. दर शनिवारी काकू गाडी काढायच्या आणि मी शेजारी बसायचे. आणि त्या अर्ध्या तासाच्या प्रवासाची आखणी शुक्रवारी संध्याकाळपासून चालायची.

शुक्रवारी फोन यायचा. "शैला, भाजी झाली का चिरून? मग ऐक." मग उद्याचा रस्ता. गल्लीतून निघायचं, उजवीकडे. चर्चच्या मागून उजवीकडे. दातांच्या डॉक्टरला वळसा घालून टूई रस्त्याला लागायचं आणि मग नाकासमोर पूर्वेला. वेस्टर्न आली की उजवीकडे, डेव्हन आली की उजवीकडे. येताना डेव्हनवरूनच पश्चिमेला सुटायचं आणि पुन्हा उजवीकडे घेत घरी. रस्ता दर आठवड्याला तोच, तरी दर शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, "काकू, पाठ झालाय मला." तर म्हणाल्या, "तुला झाला गं. रस्त्याला झाला का?"

सामानाची आखणी वेगळी. गाडीच्या डिकीत फावडं, घोंगडी आणि बर्फाची पेटी. पुढच्या सीटमागे थर्मासात चहा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. अर्ध्या तासाच्या रस्त्याला पुऱ्या! थंडीत कढीपत्ता दुकानातून गाडीपर्यंत नेतानाच काळा पडतो, म्हणून तो कोटाच्या आत, छातीशी धरून आणायचा. आणि गाडी लावायची ती ओळीतल्या अगदी टोकाच्या जागी, सरळ आत शिरता येईल अशी. दोन गाड्यांच्या मधे मागे मागे घेत घालायची भानगड नाही. ती टोकाची जागा मिळावी म्हणून आम्ही इतक्या लवकर पोचायचो की दुकानं उघडलेली नसायची. मग गाडीत बसून पुऱ्या खायच्या. म्हणजे बघा, पुऱ्यांचीही आखणीच होती.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरण होतं. मी पुण्याची, एम.एस्सी. झालेली, लक्ष्मी रोडवर मोपेड चालवलेली. रहदारी या विषयात मला कोणी काही शिकवावं, हे मला पटतच नसे. केस कापलेले, डोळ्यांवर एवढा मोठा गॉगल, आणि लायसन्स मिळून पंधरवडासुद्धा झाला नव्हता. काकू उजवी वळणं घेत निघाल्या की मी खिडकीबाहेर बघत असं काही हसायचे की आज ते हसू आठवलं तरी स्वतःच्या एक ठेवून द्यावीशी वाटते. एका शनिवारी मी जाहीर केलं, "काकू, आज मी चालवणार. आणि आपण माणसांसारखं डावीकडे वळणार."

"चालव न," काकू म्हणाल्या. आणि पुऱ्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या.

पहिल्याच मोठ्या चौकात मी डावा इंडिकेटर दिला. गॉगल सारखा केला. समोरच्या गाड्या संपल्या आणि मी चाक फिरवलं, झोकात, काय वळण होतं! फक्त एक झालं. आपल्याकडे डावं वळण म्हणजे कडेला चिकटून घ्यायचं, ते हातातच बसलेलं असतं. मी तसंच चिकटून घेतलं आणि रस्त्याच्या डाव्या बाजूला लागले. पुण्यात तेच बरोबर झालं असतं. डेस प्लेन्समध्ये माझ्या समोर, नाकाला नाक लावून, शाळेची पिवळी बस उभी होती. शनिवारची कुठली तरी सहल असावी. वर काचेतून पोरं हात हलवत होती आणि ड्रायव्हरनं दोन्ही हात डोक्याला लावले होते.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी काच खाली केली, बसवाल्याला हात जोडून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "पोचली का पुण्याला?"

मी गाडी मागे घेतली. मागे घेताना रडत होते, पण गॉगल असल्यामुळे दिसलं नसावं अशी माझी समजूत आहे. थोडं पुढे गेल्यावर काकूंनी डबा उघडून एक पुरी माझ्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "उजवीकडे वळताना चुकायला जागाच नाही, शैला. डावीकडे वळलं की हात आपोआप नागपूरला जातो. माझाही गेला होता. तेव्हापासून मी त्याला संधीच देत नाही." त्या दिवसापासून मीही तीन उजवी वळणं घ्यायला लागले. नवऱ्याला सांगितलं, पेट्रोल वाचतं म्हणून. त्यालाही ते खरं वाटलं, यावरून आमचा संसार कसा चालला असेल ते ओळखा.

वर्षं गेली. काकू एकट्या राहिल्या. मुलगा नितीन तिकडे दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात, अल्फारेटाला. तो आला की आईला हॉटेलात ने, मॉलमध्ये ने, करायचा. काकू म्हणायच्या, "पोरगं चांगलं आहे गं. पण तो मला नेतो. मी जात नाही, मला नेलं जातं. शनिवारी मी जाते." हातात किल्ली, शेजारी मी, माझ्या मांडीवर डबा, एवढाच त्यांचा स्वतःचा दिवस होता.

आणि मग आलं ते पत्र. त्या वेळी आमच्याकडे वय झालं की लायसन्स नवं करताना पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागायची. शेजारी परीक्षक बसणार आणि तो सांगेल तिकडे वळायचं. तो सांगेल तिकडे! काकूंचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला बघितला. "त्यानं डावीकडे म्हटलं तर शनिवार गेला," त्या म्हणाल्या.

पण उजव्या काकू अशा हार मानणाऱ्या नव्हत्या. परीक्षेचीही आखणी झाली. लायसन्सच्या कचेरीसमोर डोनटचं दुकान होतं. आम्ही दोघी जाऊन तिथे खिडकीत बसलो, डोक्याला रुमाल बांधून, गुप्तहेर असल्यासारख्या. परीक्षेच्या गाड्या कुठून निघतात, कुठे वळतात ते बघत बसलो. डोनट फार वाईट होते, आम्ही भरपूर खाल्ले. दुपारपर्यंत काकूंनी शोध लावला, "दोन डावी वळणं आहेत. पहिल्याला हिरवा बाण आहे, म्हणजे समोरचे थांबतात, ते मी करते. दुसरं मोकळं आहे. तिथं आपलं आपण वळायचं."

त्या दुसऱ्या वळणासाठी आम्ही एका बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये सराव सुरू केला. मी शिकवणार, काकू शिकणार. काळ कसा सूड उगवतो बघा. "डावीकडे, काकू, पण लांबून! लांबून!" मी ओरडायचे. काकू वळायच्या आणि बरोबर डाव्या कडेला जाऊन थांबायच्या. "पाहा न," त्या आपल्या हाताकडे बघत म्हणायच्या, "जाऊन राहिला न नागपूरला. इतकी वर्षं झाली, याला अजून कोणी सांगितलं नाही की आपण इकडे आलो म्हणून." मी हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं असतं, पण स्टिअरिंग त्यांच्यापुढे होतं.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी ठेवणीतला कोट घातला. मी कचेरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. परीक्षक म्हणजे लांब नखांची एक तरुण पोरगी. गाडी गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. मी बघते तर ती उजवीकडूनच आत शिरली. मी काय समजायचं ते समजले.

काकू खाली उतरल्या आणि तिथेच उभ्या राहून सगळं सांगायला लागल्या. "बाणाचं वळण झालं, अगदी झकास. मग मोकळं आलं. ती म्हणाली, टर्न लेफ्ट व्हेन इट इज सेफ. मी थांबले. सेफ होईपर्यंत थांबायचं न? सिग्नल लाल झाला. हिरवा झाला. पुन्हा लाल झाला. मागचे भोंगे वाजवून राहिले. मग मी तिला म्हटलं, बेटा, थ्री राइट्स, सेम प्लेस."

"मग?"

"हसली गं. गोड आहे पोरगी. हसत हसत नापास केलं."

मी म्हटलं, पुन्हा देता येते परीक्षा, आपण रोज सराव करू. काकूंनी मान हलवली. "वळेन गं मी. रेटून वळेन. पण वळून कुठे पोचेन, ते नाही सांगता येत. आणि त्या दिवशी तुझ्यासमोर बस होती, आठवतं? वर पोरं हात हलवत होती." एवढं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग गाडीला वळसा घालून गेल्या, शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "चल. गाडी तुझी, आखणी माझी."

पुढची काही वर्षं तसंच चाललं. मधे माझ्या मुलानं माझ्या फोनवर रस्ता सांगणारी बाई बसवून दिली. ती म्हणाली, "टर्न लेफ्ट." काकूंनी फोनकडे असं पाहिलं, जसं सून पहिल्यांदा आमटीत साखर घालताना सासू बघते. "ही कोण? डेव्हनला गेली आहे का कधी? कढीपत्ता आणला आहे का हिनं?" आम्ही उजवीकडे गेलो. बाई बिचारी प्रत्येक चौकात नवा रस्ता शोधत राहिली. काकूंना शेवटी तिची दया आली. "पुरी खात असती तर दिली असती," म्हणाल्या.

मग काकूंचं कंबरेचं हाड मोडलं आणि नितीन त्यांना अल्फारेटाला घेऊन गेला. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून त्या मला म्हणाल्या, "शनिवार चुकवू नको." पुढे ढकलणाऱ्या माणसाला त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण खुर्ची वळली ती उजवीकडे.

तेव्हापासून शुक्रवारी फोन येतो. भाजी झाली का चिरून, मग ऐक. आणि शनिवारी सकाळी पुन्हा, "निघालीस?" मी फोन स्पीकरवर टाकते आणि काकू अल्फारेटातल्या पलंगावरून मला डेव्हनला नेतात. चर्च, दातांचा डॉक्टर, टूई. तो डॉक्टर कधीच दुकान बंद करून गेला, पण मी सांगत नाही.

सांगत मी आणखीही एक गोष्ट नाही. आता आमच्या घरापासून पाच मिनिटांवर भलंमोठं देशी दुकान आहे. कढीपत्ता, अळू, मेथी, सगळं. आणि फॉल लावायला आता साड्या नेसतंय कोण? माझे गुडघेही आता माझ्यापेक्षा म्हातारे झालेत. तेव्हा गेले बरेच शनिवार मी डेव्हनला जाते ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चहा पीत.

पहिल्या दिवशीच पंचाईत झाली होती. काकू म्हणाल्या, "उजवीकडे." मी म्हटलं, "वळले." पलीकडे काकूंनी कान लावला. मग, "इंडिकेटरचा आवाज नाही आला." मी घाईनं चमचा उचलला आणि कपावर टिक, टिक, टिक. "हं," काकू म्हणाल्या, "आता वळ." तेव्हापासून प्रत्येक वळणाला चमचा. माझ्या नातीनं एकदा मला पाहिलं. "आजी, व्हॉट आर यू डूइंग?" "ड्राइव्ह करतेय," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत बघत फ्रीजमधलं दूध घेऊन गेली. संध्याकाळी मुलगा उगाचच माझी तब्येत विचारायला आला.

गेल्या शनिवारी काकूंचा आवाज फार बारीक होता. मधे मधे थांबत होत्या. नितीन मागून म्हणाला, "आई, आता पुरे, दमशील." त्या म्हणाल्या, "गप रे, आम्ही चौकात आहोत." टूईवरून आम्ही नाकासमोर चाललो होतो. वेस्टर्न जवळ आली, मी चमचा उचलला आणि कपावर वाजवायला लागले.

"शैला," काकू म्हणाल्या, "एवढ्या जोरात नको वाजवू. कप फुटेल."

माझा हात हवेतच राहिला. टेबलावर चहा, समोर खिडकी, खिडकीबाहेर आमचं बंद गॅरेज.

"चहा गार होऊन राहिला असेल, घे एक घोट," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या घोटाची वाट पाहिली, सिग्नलला थांबावं तशी. "घेतला? मग चल आता. वेस्टर्न आली बघ. उजवीकडे घे."

मी घेतली.