डाव्या हाताची उशी

गोठ्यातलं वासरू बाटलीला तोंड लावत नसलं की मावशीला हाक जायची. पालथ्या बादलीवर बसून ती वासराची मान डाव्या कोपराच्या घडीत घ्यायची अन् उजव्या हाताने बाटली तोंडात सारायची. मग कितीही आडमुठं असो, त्या उशीवर डोकं टाकून मुकाट प्यायचं. "सासूचा हात आहे तो, तिथं कुणाचं चालत नाही," गोठ्याचा मालक म्हणायचा. मावशीला ते आवडायचं.

मग नव्या वासराच्या मानेवर राखाडी खपल्यांचे गोल चट्टे उठले, केस झडले. वासरांना असलं काहीबाही होतंच, म्हणून तिने तेल चोळलं. पुढे तिच्याच हातावर लाल कडं उमटलं, तेव्हा मात्र तिने बाही मनगटापर्यंत ओढली. या वयात गजकर्ण म्हटल्यावर लोक हसतील, ही लाज.

थोड्याच दिवसांत तान्ह्या नातीच्या डोक्यावर वाटोळं टक्कल पडलं.

"पोरीचं डोकं नीट धूत नाहीस तू," ती सुनेवर घसरली.

"रोज धुते, आई."

"धुतेस तर हे उगवलं कुठून? तुझ्या माहेरी एका टॉवेलने सगळं घर अंग पुसतं, पाहिलंय मी."

 मावशीने सुनेचा टॉवेल, फणी, उशी वेगळी काढली आणि पोरीला आपल्याकडे निजवायला घेतलं. शेजारणीलाही सांगून झालं, सून घाणेरडी आहे म्हणून.

वासराला बघायला गुरांचा डॉक्टर आला. त्याने हातमोजे चढवले, खपली खरवडली अन् मावशीकडे पाहिलं.

"मघापासून खाजवताय. बाही वर करा बघू."

"घामोळं आहे हो."

"करा तर."

तिने केली.

"हीच बुरशी, वासराची. त्याच्या अंगाला अंग लागलं की माणसालाही होते. घरात आणखी कुणाला?"

"नातीच्या डोक्यात," मावशी म्हणाली.

"तिला घेता कशी?"

बोलायच्या आधीच तिचा डावा हात दुमडला. कोपराच्या घडीत पोरीच्या डोक्याएवढी जागा झाली, आणि लाल कडं बरोबर तिथेच. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोघींनी माणसांच्या डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला. "डोक्यातलं नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून औषध लागतं. वासरू वेगळं बांधा, त्याचा ब्रश दुसऱ्याला लावू नका. अन् हातमोजे घाला, मावशी."

घरी सून मोरीत आपला टॉवेल सगळ्यांच्या कपड्यांपासून लांब धूत होती. पाळण्यात पोर रडत होती. मावशी दारातच थबकली.

"घ्या ना हिला, आई. माझे हात ओले आहेत."

"नको. मी नाही घेत." तिने बाही गुंडाळली. "हे वासराचं आहे. माझ्या हातावरून पोरीला गेलं. तुझं काही नव्हतं गं."

सुनेने टॉवेल पिळायचा थांबवला. ती त्या कड्याकडे बघत राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर मावशीला बरं वाटलं असतं. सून एवढंच म्हणाली, "शेजारच्या काकूंनाही सांगाल?"

मावशीचा हात सवयीने बाहीकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि उघड्या हाताने शेजारणीचं दार वाजवायला निघाली.